पिक्चरांचा पट

मुंबईत आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव झाला, हे एका टुरिंग टॉकीजवाल्याने कुठेतरी ऐकलं आणि कामठ्याला, बैलांची शर्यत म्हणजे पट भरतो त्याच मैदानात, आपलाही महोत्सव लावला. एक रशियन पिक्चर, एक इटालियन. लोकांनी पाहावं आणि नंबर द्यावा.

माझे मामा पटाचे पंच. ते भडकले. "एकामागून एक धावले तं कोन जितला कसा समजन? दोन्ही संगच सोड."

बिचाऱ्या टॉकीजवाल्याकडे पिक्चर दाखवायची एक जास्तीची मशीन होती, तीच नडली. दुसऱ्या पडद्यासाठी कोणाचं तरी धोतर आलं. दिवस बुडाल्यावर मामांनी झेंडी पाडली आणि दोन्ही पिक्चर सुटले. गोष्ट कोण पाहतो? इटलीची नायिका खाटेवर शेवटच्या घटका मोजत होती आणि इटलीच्या बाजूचे प्रेक्षक ओरडून राहिले होते, "मर ना वो बाई लवकर, रशिया पुढं चालला."

ती काही मरेना. रशिया जिंकला. मशीनला गुलाल लागला.

आजही पेपरात वाचतो, अमुक महोत्सवात परीक्षकांचं एकमत झालं नाही. कसं होईल? अजून एकामागून एकच सोडतात.