इंजनापासून तिसरा डबा

शिरूरहून नगरला जायचं तर एसटीत बसावं, तासा-दीड तासात माणूस नगरात. गावाचं नाव आता बदललं, पण आमच्या तोंडात अजून नगरच. आम्ही मात्र त्या दिवशी तिथला भुईकोट किल्ला बघायला आधी एसटीने दौंडला गेलो आणि दौंडहून रेल्वेने नगरला. हा द्राविडी प्राणायाम माझ्या पाच वर्षांच्या लेकीसाठी. शिरूरला रेल्वे नाही, आणि तिला किल्ल्याशी काही देणंघेणं नव्हतं, तिला रेल्वेत बसायचं होतं. बेत सगळा माझा, तेव्हा पुढं जे झालं त्याचं खापरही माझ्याच डोक्यावर फुटायला हवं.

आम्ही चौघं होतो. मी, नवरा, लेक आणि माझे सासरे. त्यांना आम्ही आबा म्हणतो. तरुणपणी त्यांनी मेंढरं राखली, नंतर केंदूरला शेती केली. सांगितलेलं काम ते जसंच्या तसं करतात. कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करा, असं मी एकदा सांगून गेले, तर त्यांनी शेजारणीच्या कुकरची शिट्टीसुद्धा आपल्यात धरली आणि गॅस बंद केला. त्या दिवशी आम्ही कच्ची डाळ खाल्ली. ही गोष्ट मी पाहुण्यारावळ्यांत रंगवून सांगायचे. आबा हसायचे.

गाडी पुण्याकडून आली. गर्दी होती, तरी खिडकी मिळाली. गाडी इथे बराच वेळ थांबते असं शेजारच्यांनी सांगितलं, आणि लेकीला लगेच तहान लागली. बाटली रिकामी. नवरा वरच्या फळीवर पिशव्या कोंबत होता.

"चल, नळ हाय तिथं," आबा तिला म्हणाले.

त्यांचा फोन पॉवर बँकेवर चार्जिंगला लावून माझ्याच पर्समध्ये ठेवलेला होता. तेवढ्यासाठी कुठे काढा, म्हणून मी खिडकीतून फक्त एवढं सांगितलं, "आबा, आपला डबा ध्यानात ठेवा. इंजनापासून तिसरा."

त्यांनी काठी उचलून इंजनाकडून डबे मोजले. "व्हय, तिसरा," म्हणाले आणि लेकीचं मनगट धरून गर्दीत शिरले.

नळावर झुंबड असणार, म्हणून मी आधी निवांत होते. मग घड्याळ बघायला लागले. मग उभी राहिले. तेवढ्यात गाडीला हिसका बसला आणि ती निघाली, तीही उलट्या दिशेने, आली होती तिकडेच. नवरा दाराकडे धावला. तो उडी मारतोय असं वाटून मी मागून त्याचा शर्ट गच्च धरला. फलाट सरकत गेला. नळ दिसला, नळाजवळ माणसं दिसली, आबा नाहीत, लेक नाही. मग फलाट संपला.

डोळ्यांसमोर नको ते यायला लागलं. चालत्या गाडीत चढताना निसटलेला पाय. गर्दीत सुटलेलं मनगट. आबांना कुणाचा नंबर पाठ नाही, लेकीला माझं नाव 'आई' एवढंच सांगता येतं. आणि मी भर डब्यात आबांना बोलले. "म्हाताऱ्याला एक काम धड जमत नाही. कुणी पाठवलं यांना?" नवरा खाली मान घालून उभा होता.

"आणि ही गाडी परत पुण्याला का चाललीय?" मी रडत विचारलं.

समोर एक हिंदी बोलणारा कामगार बसला होता. "भाभी, गाडी नगर ही जा रही है," तो म्हणाला. "दौंड में इंजन इधर से निकालकर दूसरी तरफ लगाते हैं."

मला ते समजायला एक क्षण लागला. समजलं तेव्हा आणखीच भीती वाटली. आमचा डबा इंजनापासून तिसरा राहिलाच नव्हता. शेवटून तिसरा झाला होता. चूक आबांची नव्हती. खूण मी दिली होती, आणि दिलेली खूण चालती झाली होती.

डब्यातून डब्यात जायला वाट नव्हती. पुढचं स्टेशन येईपर्यंत मी दाराचा दांडा धरून उभी होते. आबांनी डोकं चालवून खिडक्यांतून आमचे चेहरे शोधत बसले असतील, तर ते दौंडलाच राहिले. पण सांगितलं तेवढंच ऐकून इंजनापासून तिसरा डबा गाठला असेल, तर दोघं गाडीत. जन्मात पहिल्यांदा मी देवाला विनवलं, की आबांनी कुकरसारखंच केलेलं असू दे.

गाडी थांबते न थांबते तोच आम्ही उतरून इंजनाकडे पळालो. पिशव्या तिथेच राहिल्या.

तिसऱ्या डब्यात, खिडकीशी, दोघं बसली होती. आबांनी शेजारी काठी आडवी टाकून दोन माणसांची जागा धरली होती.

"कुठं गेलता तुम्ही?" त्यांनी मलाच विचारलं. "हितं तुमचा पत्ता न्हाई. म्हनलं, बसायचं हितंच. तिसरा सांगितलाय तर तिसराच."

"आई, तू हरवली होतीस," लेक म्हणाली. "आबा म्हणाले, नगरला सापडंल."

मी तिला जवळ ओढलं, तर ती पुरती आलीच नाही. मग मला दिसलं. आबांचं डोकं बोडकं होतं. फेटा सोडून त्यांनी त्याचं एक टोक तिच्या मनगटाला बांधलं होतं आणि दुसरं स्वतःच्या.

"घाबरलो बिबरलो न्हाई मी," खिडकीबाहेर बघत ते म्हणाले.

गाठ इतकी आवळली होती की सोडायला मला दात लावावे लागले. डब्यात मी त्यांना काय बोलले, ते आम्ही कुणीच त्यांना सांगितलं नाही. कुकरची गोष्ट मी त्यानंतर कुणाला सांगितलेली नाही.