हौसाक्कांनी नाकारलेला चहा

हौसाक्का सोयरिकी जुळवायच्या. मुलीच्या घरी पाऊल टाकलं की आधी संडास-बाथरूम बघून यायच्या, मग मुलगी. लोकांना वाटायचं, बाई घराची स्वच्छता तपासतात. त्या येणार म्हणून एकदोन घरांनी नव्या फरशा बसवून घेतल्याचं मला ठाऊक आहे. "घर मागल्या दारानं कळतंय," एवढंच त्या म्हणायच्या.

माझ्या भाच्यासाठी हौसाक्का जयसिंगपूरला मुलगी बघायला गेल्या, तेव्हा मी सोबत होतो. मुलगी सगळ्यांना आवडली. चहा आला आणि हौसाक्कांनी कप मागं सारला. आमच्याकडे मध्यस्थानं चहा नाकारला, की स्थळ नाकारलं असं समजतात. मुलीचे वडील उठून आत गेले. आठवड्याभरात त्यांची भावकी कुजबुजू लागली, मुलीतच काहीतरी खोट असणार.

ते कानावर आलं, तशा हौसाक्का शाहूपुरीतल्या माझ्या औषधांच्या दुकानात आल्या. गिऱ्हाईक जाईपर्यंत थांबल्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी काउंटरवर पालथी ठेवली. "वाचा आन् द्या. बोलू नगासा."

साखर नव्हती, जंतुसंसर्ग नव्हता. मूत्राशयच उतावीळ झालं होतं. लागली की धावायचं, म्हणून जयसिंगपूरसारख्या लांबच्या गावी निघाल्यावर त्या अलीकडे घोटभर पाणीही घेत नसत. गोळी चालू झाली. चार दिवसांत गुण नाही म्हणून त्या माझ्याशीच भांडायला आल्या. या गोळीला काही आठवडे द्यावे लागतात, हे मीही चढ्या आवाजात सांगितलं. पुढं गुण आला, पण तोंडाला कोरड पडू लागली. बोलण्यावर पोट असलेल्या बाईला ती शिक्षाच. "खाली आवळलं, तर वर आटलं," म्हणायच्या.

मग त्यांनी मला बळंच जयसिंगपूरला नेलं. पित्ताचं कारण सांगा, असं मी वाटेत सुचवलं. ते त्यांनी उडवून लावलं. बैठकीत मुलीच्या वडिलांशेजारी भावकीतले पुरुष बसले होते. हौसाक्कांनी चहा मागून घेतला, कप रिकामा केला.

"माझी लघवी दम धरत न्हाय, म्हणून त्या दिवशी चहा घेतला न्हाय. आता गोळी चालू हाय. पोरीत काय खोट न्हाय."

पुरुष सतरंजीकडे बघत राहिले. मला मात्र बाईंचा अभिमान वाटला. सोयरीक जमली.

निघताना मुलीच्या आईनं त्यांना स्वयंपाकघरात थांबवून घेतलं, बराच वेळ. गाडीत मी विचारलं, तारखेचं काय म्हणाल्या?

"तारीख कुठली? गोळीचं नाव इचारत हुती. म्हटलं, आदी डॉक्टरला दाव."