कच्ची पिन

कडुबाभाऊंनी माझ्याकडून दोन तऱ्हेची घड्याळं नेली. पहिल्यांदा त्यांना कधीच तुटणार नाही असं हवं होतं आणि दुसऱ्यांदा वेळेवर तुटेल असं. मधली सहा वर्षं ते माझ्या दुकानाची पायरी चढले नाहीत. मला वाटलं, माणूस दुःखात आहे, घड्याळाचं काय घेऊन बसला.

औरंगपुऱ्यात माझं घड्याळांचं दुकान आहे. बाबांच्या मागे मीच चालवते, विक्रीही मीच करते आणि दुरुस्तीही. डोळ्याला भिंग लावून बसलेली बाई दिसली की नवं गिऱ्हाईक हमखास विचारतं, "दुकानदार कुठं गेले?" मी सांगते, "जेवायला गेलेत, पंधरा वर्षं झाली." माझी जीभ अशी आहे. बरीच वर्षं मला तिचा अभिमान होता.

कडुबाभाऊ मूळचे अजिंठ्याकडचे. चिकलठाण्याच्या एका कारखान्यात बोल्ट तपासायला होते. मशीनच्या जबड्यात बोल्ट धरायचा, ताण वाढवत न्यायचा आणि तुटला की किती वजनाला तुटला तो आकडा लिहायचा. तीस वर्षं हा माणूस सकाळी डबा घेऊन घरून निघायचा आणि संध्याकाळपर्यंत वस्तू तोडायचा. त्यामुळे सवयच जडलेली. हातात येईल ते ओढून बघायचे. एकदा चहा मागवला तर कपाचा कान ओढून बघितला, आणि तो निघाला. "ओढल्याबिगर मला इस्वास नाय," असं वर मलाच ऐकवलं. कपाचे पैसे मात्र त्या चहावाल्यानं माझ्याकडून घेतले.

पहिल्यांदा आले ते मुलाला घेऊन. सम्यक त्याचं नाव. इंजिनिअरिंगला होता, उन्हानं रापलेला, काटक. दर रविवारी पाठीवर पिशवी टाकून डोंगरात पळायचा. अंतूर, वेताळवाडी, अजिंठ्यामागचे सगळे चढउतार त्यानं पायाखाली घातलेले. आणि त्या भटकंतीत दोन घड्याळं हरवलेली.

"लई निष्काळजी हाय," भाऊ म्हणाले. "आता असं द्या ताई, हातातून निघालंच नाय पायजे."

मी काळं, जाड काचेचं, आपटलं तरी चालणारं, पाण्यात शंभर मीटरपर्यंत टिकणारं घड्याळ काढलं. रबरी पट्टा होता. सम्यकला ते बघताक्षणी आवडलं. भाऊंनी पट्टा दोन्ही हातांनी ताणला, पट्टा घड्याळाला जोडणाऱ्या पिनेशी अंगठा दाबला आणि नाक मुरडलं.

"पिन कच्ची हाय. चेन टाका स्टीलची. न् पिना जाड."

"पप्पा, चेन नको ना," सम्यक हसत म्हणाला. "हातावरचे केस ओढते."

"केस पुन्हा येतेत. घड्याळ येत नाय."

मी चेन लावली. दोन्ही बाजूंना माझ्याकडच्या सगळ्यांत जाड पिना बसवल्या. भाऊंनी ओढून बघितलं, पुन्हा ओढून बघितलं, आणि त्यांचा चेहरा खुलला. असं पारखी गिऱ्हाईक खूश झालं की दुकानदारालाही बरं वाटतं. त्या भरात मी म्हणाले, "आता हात तुटेल भाऊ, पण चेन तुटायची नाही." आम्ही तिघंही हसलो.

त्याच वर्षी, गणपती उठल्यावर आठवड्याभरात, सम्यक गेल्याचं कळलं. मित्रांबरोबर डोंगर उतरून आला आणि गावाजवळच्या बंधाऱ्यात सगळे पोहायला उतरले. तो वर आला नाही. मी चिकलठाण्याला त्यांच्या घरी भेटायला गेले. त्याची आई, साळूबाई, भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि येणाऱ्या प्रत्येकाला "जेवले का?" विचारत होत्या. भाऊ माझ्याकडे बघून उठले आणि आत निघून गेले. पट्टीचा पोहणारा पोरगा बुडाला कसा, असं माझ्या मनात आलं होतं. पण दुःखाच्या घरात चौकशा करू नयेत म्हणून मी काही विचारलं नाही आणि परत आले.

पुढं कधी जालना रोडला, कधी भाजी बाजारात ते दिसायचे. मनगट मोकळं. लोकांना वेळ विचारायचे. मला बघितलं की रस्ता बदलायचे. मला राग यायचा, खोटं कशाला सांगू. माझं काय चुकलं, असं वाटायचं.

यंदा बुद्धपौर्णिमेनंतरच्या आठवड्यात ते अचानक दुकानात आले. बरोबर मुलगी, मेघा. सम्यक गेला तेव्हा ती शाळेत होती, आता भावाइतकीच उंच झालेली. हिमालयात डोंगर चढायला शिकवणाऱ्या महिनाभराच्या कोर्सला तिचा नंबर लागला होता. बरोबर आणायच्या सामानाची यादी तिच्या हातात होती. त्यात लिहिलं होतं, घड्याळ, दणकट, पाण्यात चालणारं.

"आईनं दोन दिवस जेवण सोडलं होतं," मेघा हळूच म्हणाली. "पप्पा हो म्हणाले. फक्त म्हणाले, घड्याळ मी बघणार."

भाऊंनी पिशवीतून प्रवासाच्या बॅगा मोजायचा हुकाचा काटा काढला आणि काउंटरवर ठेवला.

"मशीन लई दणकट द्या, ताई. थंडीत बंद पडलं नाय पायजे, काच फुटली नाय पायजे. पट्टा मात्र तुटणारा पायजे."

मला वाटलं, दुःखानं माणसाच्या डोक्यावर परिणाम झाला. तरी माझी जीभ गप्प बसेना. "भाऊ, पट्टा तुटला म्हणून लोक मला येऊन शिव्या घालतात. तुटणारा मागायला तुम्ही पहिलेच."

ते चिडले नाहीत. मी एकेक घड्याळ काढत गेले. ते पट्टा काट्याच्या हुकात अडकवायचे, दुसरं टोक धरून ओढायचे, आकडा वाचायचे आणि घड्याळ बाजूला सारायचे. रबरी पट्टा तुटेना, कापडी पट्टा तर मुळीच तुटेना. सहा घड्याळं झाली. सातव्याला मी वैतागले आणि घड्याळ त्यांच्या हातातून काढून घेतलं.

"तुम्हाला नक्की काय पाहिजे, ते एकदा सांगा."

भाऊ स्टुलावर बसले.

"तुम्ही रोटावेटर बघितला का कधी? ट्रॅक्टरमागं फिरतो त्यो. त्याच्यात एक बोल्ट मुद्दाम कच्चा बसवतेत. पात्याखाली दगड आला की त्यो बोल्ट तुटतो न् गिअर वाचतो. तुटला नाय तर समदं मशीन जातं. तीस वर्षं मी तसले बोल्ट तपासले ताई. टायमावर तुटला नाय त्यो बोल्ट मीच नापास करायचो."

मेघा दुकानाबाहेर रिक्षांकडे बघत उभी राहिली. तिनं हे आधी ऐकलेलं असावं.

"बंधाऱ्याला पाणी अडवायला लोखंडी पाट्या असतेत. पाट्यांना बोल्ट. पोरानं खाली हात घातला न् चेन बोल्टात अडकली. डोक्यावर पाणी किती, तर दीड हात. त्यो ओढत व्हता, वरून दोस्त त्याला ओढत व्हते. चेन तुटली नाय."

मी हातातला चिमटा खाली ठेवला. सहा वर्षांपूर्वी याच काउंटरवर मी काय बोलले होते, ते मला शब्दन् शब्द आठवलं. ते विसरले असावेत अशी आशा धरणं सोपं होतं, पण माझ्याच्यानं राहवलं नाही.

"भाऊ, तेव्हा मी जे बोलले..."

"ध्यानात हाय." ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "तुम्ही धंद्याचं बोलल्या. जाड पिना मागितल्या मी. तुम्हाला त्यातलं समजत नव्हतं, ताई. मला समजत व्हतं. रोज तेच तर करत व्हतो."

गिऱ्हाइकासमोर मी कधी रडत नाही. त्या दिवशी रडले, आणि ओढणीनं भिंग पुसायचं निमित्त केलं. थोड्या वेळानं विचारलं, "मग माझ्याकडेच का आलात? गावात दुकानं काय कमी आहेत?"

"घट्ट पिन तुम्ही बसवली व्हती. कच्ची बी तुम्हीच बसवा. दुसऱ्याचा मला इस्वास नाय."

बाबांचा एक जुना पत्र्याचा डबा आहे, त्यात पितळेच्या पातळ पिना निघाल्या. बाबा हयात असताना मी त्यांना कितीदा म्हटलं होतं की हा कचरा फेकून द्या. मेघाच्या मनगटावर बेताच्या वजनाचं काळं घड्याळ बसवलं आणि पट्ट्याला त्यातली एक पिन घातली. भाऊंनी तिला दुकानाच्या शटरशी नेलं. शटरच्या कडीत पट्टा अडकवला आणि म्हणाले, "ओढ."

मेघानं ओढलं. पट्टा धरून राहिला.

"जीव खाऊन ओढ."

पिन तुटली. घड्याळ फरशीवर पडलं आणि चालत राहिलं. तिच्या मनगटावर लाल वळ उठला होता. भाऊंनी तो निरखून बघितला, मग मला म्हणाले, "पुन्हा बसवा." मी दुसरी पिन घातली, ती तुटली. तिसरी घातली, तीही तुटली. मेघाचा हात दुखत असणार, पण दर वेळी ती तो पुन्हा पुढं करायची. दर वेळी पिन तुटली की भाऊ खिशातल्या वहीत काहीतरी लिहायचे. तिसऱ्यांदा लिहिताना त्यांचा हात थांबला आणि ते पाठ करून भिंतीकडे तोंड वळवून उभे राहिले. मेघानं मागून त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मी चौथी पिन बसवली आणि डब्यातल्या सगळ्या पिना कागदाच्या पुडीत बांधून तिच्याकडे दिल्या. दोन तेवढ्या मागे ठेवल्या, का ते मलाही सांगता येणार नाही.

कोर्सचा तो महिना मला जड गेला. दुकानात कुणी मजबूत पट्टा मागितला की मी घड्याळ नुसतं पुढं सरकवायचे. माझी जीभ लगाम घातल्यासारखी झाली होती. एक जुनं गिऱ्हाईक म्हणालंसुद्धा, "निशाताई, बरं नाही का?"

पुढच्या महिन्यात भाऊ आले, एकटेच. हातात पेढ्यांचा पुडा होता.

"मेघा आली?" मी आधी तेच विचारलं.

"काल आली."

"पास झाली?"

"व्हय, ती बी झाली न् पिन बी." त्यांनी माझ्या हातावर पेढा ठेवला. "घड्याळ हरवलं, ताई."

खडकावर चढताना दोराच्या कडीत पट्टा अडकला होता. ती एका हातावर लटकली होती. तिनं झटका दिला, पिन तुटली, घड्याळ खाली दरीत गेलं आणि हात मोकळा झाला. मनगटावर नुसता ओरखडा. साळूबाई कालपासून तिचा हात सोडत नाहीत, असं भाऊ सांगत होते. सांगताना हसत होते. इतक्या वर्षांत मी त्यांना हसताना बघितलं नव्हतं, आणि मीही हसले. शेजारच्या कापडवाल्यालाही त्यांनी पेढा दिला. त्यानं विचारलं, "कशाचे?" भाऊ म्हणाले, "पोरीचं घड्याळ हरवलं." तो माझ्याकडे बघत राहिला.

"आता तसलंच आणखी एक द्या," भाऊ म्हणाले.

मी घड्याळ काढलं. डब्यात मागे ठेवलेल्या दोन पिना होत्या, त्या शोधू लागले. भाऊ पुडा धरून उभेच होते. हसू केव्हाच मावळलं होतं.

"सम्यकचं दुसरं घड्याळ हरवलं ना ताई, झऱ्याच्या डोहात, तवा त्यानं घरी येऊन खरं सांगितलं व्हतं. म्हणला, पप्पा, दगडाच्या सांदीत पट्टा अडकला व्हता, मी झटका मारला न् तुटला. म्हणून वर आलो."

ते पुड्याची दोरी बोटाला गुंडाळत राहिले.

"मी त्याला तसाच दारात उभा केला न् थोबाडीत मारली. म्हणलं, वस्तूची किंमत नाय तुला. दुसऱ्याच दिवशी तुमच्याकडं घेऊन आलो, जाड पिना बसवायला." पुडा त्यांनी काउंटरवर ठेवला. "त्या दिवशी पेढे वाटायला पायजे व्हते, ताई."