रजिस्टरमधली ती ओळ

अमरावतीच्या विद्यापीठात मी शिकवत असे आणि आमच्या विभागाचा सर्व्हरही सांभाळत असे. सर्व्हर एक, वापरणारे अनेक. एकाला सॉफ्टवेअर जुनं लागे, दुसऱ्याला तेच नवं, आणि भांडण माझ्या टेबलावर येई. म्हणून उतारवयात मी कंटेनर लावायला शिकलो. कंटेनर म्हणजे एकाच सर्व्हरवर ज्याचा त्याचा झाकणाचा डबा. शेजाऱ्याच्या भाजीला धक्का न लावता आपलं आपण जेवावं.

माझ्याकडून सगळ्यांत आधी ते शिकली शेंदूरजनाघाटची एक संशोधक विद्यार्थिनी. घरच्या बागेतल्या संत्र्याच्या पानांचे फोटो पाहून रोग ओळखणारा प्रोग्राम ती तयार करत होती. तिनं विचारलं, "सर, काम डब्यातच ठेवलं तर चालते काय?"

"ठेव बिनधास्त. तुझ्या डब्याले कोण हात लावते?"

मीच लावला. निवृत्तीला महिना उरला होता, डिस्क गच्च भरली होती. बंद असलेले सगळे कंटेनर पुसणारी एक कमांड मी दिली. ती त्या आठवड्यात गावी गेली होती, तिचा कंटेनर बंद होता. चार महिन्यांचं काम गेलं. विभागात विचारणा झाली तेव्हा मी सर्व्हरच्या रजिस्टरमध्ये लिहिलं, 'विद्यार्थिनीने चुकून स्वतःचा कंटेनर पुसला.' तिनं सगळं पुन्हा केलं. ती ओळ मात्र नव्या मुलांना दरवर्षी हसत वाचून दाखवली जाते.

ती आता अकोल्यात शिकवते. गेल्या महिन्यात तिच्या घरी जाऊन मी सगळं सांगितलं. तिनं चहा पुढे सरकवला.

"मले तवाच माहीत होतं, सर. कोणी काय कमांड देल्ली ते सर्व्हरवर दिसते, हे तुमीच शिकवलं."

"मग बोलली काहून नाही?"

"तुमच्या निरोपाचं भाषण माझ्याकडंच होतं. त्यात हे कुठं बसवू?"

दोघंही हसलो. मग ती म्हणाली, "पण ते ओळ बदला. माझ्या वर्गातली एक पोरगी तिथं पीएचडीले गेली. मले विचारते, मॅडम, ते रजिस्टरमधली विद्यार्थिनी तुमीच काय?"

दुसऱ्याच दिवशी मी विभागात गेलो. जुनी ओळ खोडली, खाली लिहिलं, 'कंटेनर मी पुसला. विद्यार्थिनीचा काही दोष नाही,' आणि सही केली.

विभागप्रमुख माझेच जुने विद्यार्थी. म्हणाले, "सर, आता पोराईले काय वाचून दाखवू?"

"हेच," मी म्हणालो. "अन् तसंच हसत वाचा."