वेल्डिंगच्या परीक्षेत माझं तोंड

शाळा मी चौथीतच सोडली, त्यामुळं नापास व्हायची सवय मोडली हुती. ती वेल्डिंगच्या परीक्षेनं परत लावली.

सोलापुरात माझं गेट-ग्रिलचं दुकान हाय. गेट कोण वाकवून बघत न्हाय, वरनं चमकलं की गिऱ्हाईक खूश. परीक्षेत तसं नसतं. एमआयडीसीतल्या एका शेडात पाईप तिरका बांधून ठिवत्यात. तो हलवायचा न्हाय, आपणच त्येच्याभवती सरड्यासारखं फिरायचं. मग त्या सांध्याची पट्टी कापून मशिनीत वाकवत्यात. सांधा आतनं कच्चा आसला की पट्टी फाकती. पहिल्या बारीला माझी अशी फाकली की तपासणाऱ्या साहेबांनी तिच्यातनंच माझ्याकडं बघितलं.

दुसऱ्या बारीला माझ्या शेजारी मंगळवेढ्याकडचे एक अण्णा हुते. वयानं मोठे, साखर कारखान्यात ग्राइंडर मारायला. गाळप सुरू व्हायच्या आत पास झाले तर बॉयलरच्या पायपाला हात लावायला मिळणार, न्हायतर हायच ग्राइंडर. चा पिताना त्यांनी एवढंच सांगितलं, बाकी मीच बोलत हुतो.

आत गेल्यावर तरी तोंड मिटावं का न्हाय. मी पायपाखाली मान मोडून बसलेलो, वेल्डिंगची काडी पायपाला सारखी चिकटत हुती. तोंडावरची काच वर केली आन मोठ्यानं म्हणालो, "बायकोनं आत्ता बघितलं तर म्हणंल, पायपाखाली एवढा वाकतोय, घरात खाटंखालची चप्पल काढायला वाकत न्हाय."

पलीकडनं अण्णांचं हसू ऐकू आलं. मग चर्र झालं. मग काय न्हाय.

पहिला थर भरताना हात जरा हलला की भोक पडतं. अण्णांची शेवटची बोटभर जागा राहिली हुती. तितं वाटाणा बसंल एवढं भोक. माझा पाईप तर आधीच बिघडला हुता, मला घालवायला काय नव्हतंच. माफी मागितली तर म्हणाले, "हसलो मी की. तू कुटं माझा हात धरलास?" त्यांनी शिव्या घातल्या आसत्या तर त्या दिवशी मला जेवण गेलं आसतं.

मग मीच म्हणालो, सुट्टीला माझ्या दुकानात येऊन सराव करा. ते एसटीनं यायचे. मी गप बसलो की तेच म्हणायचे, बोल की, हसताना हात स्थिर धरायला शिकतो. मग मी माझीच प्रकरणं काढायचो. एका गेटाची कडी मी बाहेरनं बसवली आन मालकाला आत कोंडून जेवायला गेलो, असली. अण्णांचं पोट हलायचं, हात न्हाय. त्यांचं बघून मीबी शिकलो. कोपर टेकवायचं, काडी लावायच्या आधी श्वास सोडायचा, उजेडाकडं न्हाय, वितळलेल्या थेंबाकडं बघायचं.

पुढच्या परीक्षेला मी तोंडात रुमाल कोंबला. खरंच. साहेबांनी विचारलं, दाढ दुखतीय का, तर मान हलवली.

दुपारी पट्ट्या वाकवल्या. माझी वाकली, बिनतक्रार. अण्णांची फाकली.

बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं, "गप का बसलास रं?"

"तुमच्यासाठनंच की अण्णा."

"मी सगळा वेळ वाट बघत हुतो. आता बोलशील, मग बोलशील. कान तुझ्याकडं आन हात पायपाकडं."

मी हातातला रुमाल खिशात कोंबला.

बायकोनं माझं सर्टिफिकेट देवापुढं ठिवलं. मी ते तितनं उचलून पेटीत टाकलं, मला देवाकडं बघवंना.

गाळप सुरू झालं. अण्णा ग्राइंडरच मारत्यात. परवा त्यांचा फोन आला, परत नाव दिलंय म्हणाले. मी विचारलं, "ह्या बारीला येऊन बोलू, का गप बसू?"

"तू येऊच नगंस," अण्णा म्हणाले.

मी व्हय म्हणालो.