खुदकनबाई आणि दोन ब्रेकची गाडी

खुदकनबाईंना हसू येतं ते नेमकं नको तिथे. आनंदाच्या प्रसंगी त्या अगदी शहाण्यासारख्या बसतात. पण समोरच्याचा आवाज खाली आला, कुणी "बसा, जरा बोलायचंय" म्हणालं, की यांच्या पोटात काहीतरी उड्या मारायला लागतं. शाळेत श्रद्धांजलीच्या भाषणात त्या खुदकन हसल्या आणि उरलेला दिवस वर्गाबाहेर उभ्या राहिल्या, नाव तेव्हापासूनचं. स्वतःच्या लग्नाच्या फोटोत त्या डोळे मिटून हसताहेत आणि नवरा शेजारी घाबरून उभा आहे. वडील गेले तेव्हा आत जाऊन तोंडात पदर कोंबून हसल्या, आणि मग तिथेच जमिनीवर बसून इतक्या रडल्या की आईलाच त्यांना सावरावं लागलं. भीती वाटली की हसू फुटायचं, अशी त्यांची घडण. त्याला त्या तरी काय करणार!

आता असल्या बाईने नोकरी कुठे करावी? खेळण्यांच्या दुकानात केली असती तर जगाचं काही बिघडलं नसतं. पण त्या झाल्या नर्स, आणि बदल्या होत होत येऊन पडल्या मोठ्या रुग्णालयाच्या स्वादुपिंडाच्या कॅन्सर विभागात, तेही बोलायच्या खोलीत. दारावर 'समुपदेशन कक्ष' अशी भारदस्त पाटी आहे, ती कुणी वाचत नाही. डॉक्टरांनी सांगायचं ते सांगितलं की माणूस तिथून थेट इथे येतो. केमो, स्कॅन हे डॉक्टरांचं खातं. घास का उतरत नाही, झोप का उडाली, मुलांना काय सांगायचं, हे खुदकनबाईंचं. त्या आधी जेवणाचं विचारतात, मग झोपेचं, आणि मग सहज म्हणतात, "घरात सध्या कुणाचं कुणाशी बोलणं बंद आहे?" या प्रश्नाला माणूस हमखास चमकतो आणि मग बोलतच सुटतो.

आणि हसू? त्यावर त्यांनी उपाय शोधला होता. समोरच्या भिंतीवर आग विझवायचं लाल नळकांडं टांगलेलं होतं. पोटात उड्या सुरू झाल्या की त्या त्याच्याकडे रोखून बघायच्या आणि मनातल्या मनात वाचायच्या: पिन ओढा, नळी आगीकडे धरा, मूठ दाबा. दोनदा वाचलं की हसू बसायचं. कारण एकदा तक्रार झाली होती आणि मेट्रनबाईंनी सुनावलं होतं, "पुन्हा हसलात तर चादरींच्या कोठारात पाठवीन. तिथे बसा हसत."

या खोलीत एक दिवस मास्तर आले. मास्तर म्हणजे ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर. शिकवायच्या गाडीत शेजारच्या सीटसमोरही एक ब्रेक असतो. त्या ब्रेकवर पाय ठेवून यांनी अर्धं शहर रस्त्यावर आणलं होतं. मिशी जागच्या जागी होती, पण शर्ट इतका ढगळ झालेला की आत अजून एक मास्तर मावले असते.

"सिस्टर, डॉक्टरांनी मला सगळं सांगितलं," मास्तर म्हणाले. "वेळ फार नाही, तेही सांगितलं. माझी तयारी आहे. पण बायकोला कळता कामा नये. तिला मी पोटात सूज आहे म्हणून सांगितलंय. कोलमडेल हो ती."

"आणि काका, तुम्हाला स्वतःला काय वाटतंय?"

मास्तरांनी मिशीवरून हात फिरवला. "एकच काम राहिलंय. तिला गाडी शिकवायचीय. आख्ख्या गावाला शिकवली, तिलाच नाही. तुला जमायचं नाही, म्हणायचो. आता रोज म्हणतो, शीक, तर ऐकत नाही. अंगात ताकद आहे तोवर व्हायला हवं. मी गेल्यावर बाजार आहे, बँक आहे, दवाखाना आहे. कुणाकुणाच्या तोंडाकडे बघत बसेल ती?"

दुसऱ्या दिवशी त्यांची बायको आली. एकटी. दार लावून घेतलं, कडी तपासली.

"सिस्टर, ती सूज नाहीय. डॉक्टर भाचीला रिपोर्टचा फोटो पाठवला, तिने सगळं सांगितलं मला. पण यांना नाही हो माहीत! सूज आहे म्हणून खुशीत आहेत बिचारे. तुम्ही काही बोलू नका."

खुदकनबाईंनी नळकांड्याकडे पाहिलं. पिन ओढा.

"आणि यांनी नवीनच खूळ घेतलंय," काकू म्हणाल्या. "म्हणे गाडी शीक! मी हो म्हटलं तर त्यांच्या लक्षात येईल ना, की मला कळलंय? म्हणून नाही म्हणत राहते. खरं सांगू? लग्न झाल्यापासून शिकायचीय मला. पण हा माणूस झोपेतसुद्धा उजवा पाय दाबतो. पायथ्याला चादरीला भोक पडलंय."

नळी आगीकडे धरा. मूठ दाबा.

झाली का पंचाईत! खोलीतलं बोलणं बोलणाऱ्याच्या परवानगीशिवाय बाहेर जाता कामा नये, हा तिथला नियम, आणि तो खुदकनबाईंना जिवापलीकडे प्यारा. त्यांनी मास्तरांना परोपरीने समजावलं, "काका, सांगून टाका. माणसं वाटतात तितकी ठिसूळ नसतात." मास्तर म्हणायचे, "तुम्ही तिला ओळखत नाही." काकूंना समजावलं, तर काकू म्हणायच्या, "तुम्ही त्यांना ओळखत नाही." घरात दोघं सुजेची चौकशी करायचे, जणू ती पाहुणी म्हणून येऊन राहिली होती. आणि इकडे मास्तरांच्या कमरेच्या पट्ट्याला नवी नवी भोकं पाडावी लागत होती, जिना चढताना ते मध्येच थांबून भिंतीवरची चित्रं बघितल्यासारखं करत होते. खुदकनबाईंचा जीव तुटायचा. यांना एवढा थोडा वेळ उरलाय आणि तो ही दोघं नाटक करण्यात घालवताहेत, याचा त्यांना खरोखर राग यायचा.

अशात मास्तरांचं पोट दगडासारखं झालं. या आजारात अन्न पचवणारा रस कमी पडतो, म्हणून प्रत्येक खाण्याबरोबर कॅप्सूल घ्यावी लागते. ती तर मास्तर घेत होते. मग बिघडलं कुठे? खुदकनबाईंनी दोघांना एकत्र बोलावलं आणि म्हणाल्या, "काका, आज माझ्यासमोर खा. बघू तरी."

काकूंनी डब्यातून कुस्करलेलं सफरचंद वाटीत काढलं. मग एकदम खिडकीकडे बोट केलं. "अहो, बघा तो माणूस! गाडी कशी आडवी लावलीय!"

आडवी गाडी म्हटल्यावर मास्तरांची मान वळणारच. तेवढ्यात काकूंनी पदराआडून भाचीने पाठवलेली कॅप्सूल काढली, उघडली, आतले दाणे सफरचंदावर सांडले आणि चमच्याने सारखे केले.

"कुठाय आडवी? सरळ तर आहे," मास्तर वळून म्हणाले. "अगं, तुझी पर्स उघडी राहिलीय बघ."

काकू पर्सवर वाकल्या. मास्तरांनी खिशातली कॅप्सूल तोंडात टाकली, वर पाण्याचा घोट घेतला. मग दोघं पहिल्या बाकावरच्या मुलांसारखी ताठ बसली.

खुदकनबाईंनी घाईघाईने भिंतीकडे पाहिलं. नळकांडं नव्हतं! सकाळीच भरायला नेलं होतं. भिंतीवर नुसता खिळा.

खिळ्यावर वाचण्यासारखं काहीच नसतं. खुदकनबाई फुटल्या. आधी नाकातून, मग तोंडातून, मग टेबलावर डोकं टेकून हसल्या. हसता हसता त्यांच्या डोळ्यांना धारा लागल्या. मास्तर नवराबायको थक्क होऊन बघत राहिले.

"सिस्टर! काय झालं?" काकू रागावल्या. "इथे माणूस आजारी आहे!"

"सांगता येत नाही मला," खुदकनबाई धापा टाकत म्हणाल्या. "काकांची परवानगी लागेल." आणि मग, जीभ चावायच्या आत, "आणि काकू, तुमचीपण."

मास्तरांनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी मास्तरांकडे.

"तुला माहीत आहे?" मास्तरांचा आवाज फुटला.

"तुम्हाला माहीत आहे?"

"कधीपासून?"

"सुजेपासून," काकू म्हणाल्या, आणि रडायलाच लागल्या. मास्तरांनी त्यांचा हात धरला. परक्या माणसासमोर त्यांनी तो आजवर कधी धरला नव्हता. मग मास्तरांची नजर वाटीत गेली. त्यांनी चमच्याने एक दाणा उचलून उजेडात धरला.

"म्हणजे मी रोज डबल खातोय?"

"तुम्ही पण घेत होतात?" काकू किंचाळल्या. "तरीच!"

आता तिघंही हसत होते, आणि तिघंही डोळे पुसत होते. हसू ओसरल्यावर मास्तर हळूच म्हणाले, "आता तरी शिकशील?"

"शिकते. पण ओरडायचं नाही."

"ओरडणार. त्याशिवाय गाडी येत नाही."

खुदकनबाई स्वतःच मेट्रनबाईंकडे गेल्या आणि घडलं ते सगळं सांगितलं. वाटी, पर्स, खिळा, सगळं. मेट्रनबाई उठल्या, भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या आणि बराच वेळ त्यांचे खांदे हलत होते. चादरींचा विषय निघाला नाही.

शिकवणी सुरू झाली. मास्तर केमोला आले की काकूंची प्रगती सांगायचे: आज दुधाची गाडी वाचली, आज एक कुंडी गेली. मास्तर वाळत होते आणि आवाज चढत होता. पुढे आवाजही उतरला.

मग एका सकाळी रुग्णालयाच्या फाटकातून गचके खात एक गाडी आली. वर 'शिकाऊ' असा लाल बोर्ड. 'हॉर्न वाजवू नये' या पाटीखाली तिने जोरात हॉर्न वाजवला आणि चांगली आडवी उभी राहिली. खुदकनबाई व्हीलचेअर घेऊन धावल्या. स्टिअरिंगवर काकू, घामाने डबडबलेल्या.

"घरापासून आणली, सिस्टर! बंद न पाडता! ट्रकसमोर तेवढा यांनी ब्रेक मारला म्हणून वाचलो."

"मी नाही मारला," मास्तर बारीक आवाजात म्हणाले.

खुदकनबाईंनी शेजारचं दार उघडलं. मास्तरांच्या पायांसमोर त्यांचा तो ब्रेक होता आणि त्याच्या आसपास कुणाचाही पाय नव्हता. मास्तर सीटवर चक्क मांडी घालून बसले होते.

"अहो! पाय वर?" काकूंनी कपाळाला हात लावला. "कधीपासून?"

"आपल्या गल्लीपासून. तूच मारत होतीस सगळे ब्रेक. येते तुला गाडी."

काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. बाहेर खुदकनबाईंना बघायला नळकांडं नव्हतं, खिळाही नव्हता, त्यामुळे त्या मनसोक्त हसल्या आणि मनसोक्त रडल्या. मास्तरही हसत होते. मांडी सोडायला मात्र त्यांना दोघींची मदत लागली.