ओ निगेटिव्ह आणि नवा पासवर्ड

पासवर्ड चालेना म्हणून तुमचं ऑफिस दिवसभर अडून बसलं, असं तुमची आई सांगत होती. त्यावरून मला हे आठवलं.

मी तेव्हा गडचिरोलीत एका रुग्णालयातल्या रक्तपेढीची प्रमुख होते. रक्तदात्यांचे फोन नंबर नुकतेच वेबवरच्या एका प्रोग्राममध्ये घातले होते आणि दुसरीकडे कुठेच ठेवले नव्हते.

मोहफुलांचे दिवस होते. फुलं वेचायला गेलेल्या एका बाईवर अस्वलाने झडप घातली. तिला आणलं तेव्हा अर्धा चेहरा सोलून लोंबत होता, कवटीचं हाड दिसत होतं. रक्तगट ओ निगेटिव्ह, आणि आमच्या फ्रीजमध्ये त्या गटाची एकही पिशवी नव्हती. डॉक्टर म्हणाले, "तासाभरात रक्त द्या, नाहीतर ही वाचत नाही."

ऑपरेटरने प्रोग्राम उघडला. पडद्यावर इंग्रजीत एक ओळ आली : डेटाबेसने या युजरला प्रवेश नाकारला आहे. नेट गेलं असेल, म्हणून त्याने वायर उपटून परत लावली, मशीन बंद करून चालू केलं. पुन्हा तीच ओळ.

बाहेर बाईचा नवरा गावच्या माणसांसह खिडकीला भिडला होता.

"काऊन टाइमपास करून राह्यले? रक्त हाये, पण आमाले नाई देत!"

"भाऊ, नंबर शोधतोय—"

"टीव्ही पाहून राह्यला हा!" मागून कोणी ओरडलं, आणि विटेने काच फुटली. नवऱ्याने फुटक्या काचेतून हात घालून ऑपरेटरची मान पकडली आणि तोंड टेबलाच्या कडेवर आपटलं. दोन दात माझ्या पायाशी पडले. नवऱ्याचा दंडही काचेने फाटला होता. मी त्याच्या मनगटाला लोंबकळून किंचाळले, "सोड! हा मेला तर तुझी बायको पण मेली!"

त्याने सोडलं.

मी ती ओळ पुन्हा सावकाश वाचली. नेट गेलं असतं तर डेटाबेसपर्यंत, म्हणजे नंबर साठवलेल्या जागेपर्यंत, पोचलोच नसतो. इथे कुणीतरी दारापर्यंत जाऊन हाकललं गेलं होतं. ओळीतलं युजरचं नाव माझं नव्हतं, ऑपरेटरचंही नव्हतं.

"हा कोण?"

तोंडावर रुमाल दाबून तो म्हणाला, "माणूस नाही, मॅडम. प्रोग्राम स्वतः या नावाने आत जातो."

आदल्या दिवशीच जुना ऑपरेटर बदली होऊन भामरागडला गेला होता. रीतसर चार्ज दिला होता : चाव्या, शिक्के, खुर्च्यासुद्धा. डेटाबेसचे सगळे पासवर्ड बदलून नव्याच्या हाती सोपवले होते. प्रोग्रामला मात्र नवा पासवर्ड कोणी दिला नव्हता. त्याच्या सेटिंगच्या फाइलमध्ये जुनाच होता, आणि तोच घेऊन तो दार ठोठावत होता.

ऑपरेटरने फाइलमध्ये नवा पासवर्ड टाकला. हनुवटीवरून रक्त कीबोर्डवर ठिबकत होतं. प्रोग्राम उघडला. पहिल्या नंबरावर कोणी फोन उचलला नाही. दुसरा दाता जवळच्या गल्लीतला वेल्डिंगवाला होता. काळा चष्मा कपाळावर तसाच ठेवून तो धावत आला.

बाई वाचली. एक डोळा मात्र गेला.

दंडाचे टाके सुकल्यावर नवरा ऑपरेटरसमोर येऊन उभा राहिला. "मार मले, भाऊ."

"मारत नाही. बायकोला दिलेल्या पिशवीच्या बदल्यात एक पिशवी द्यायची असते. झोप तिथे."

सुई मी घातली. हलक्या हाताने घातली, असं मी म्हणणार नाही.